तुंगारची वाट खाडीतून जाते

भाईंदरहून तुंगारेश्वरचा डोंगर गाठायचा असेल तर आधी पंचांग उघडावं, हवामानाचा अंदाज त्यानंतर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खाडी भरलेली. चतुर्दशीला साडेदहा. आमच्या राई गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हा हिशेब अजूनही तोंडपाठ आहे. पलीकडे जायचं ते पाणी असतानाच, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पाणी ओसरलं की काठावर गुडघाभर चिखल उरतो, आणि त्यात होडीही चालत नाही, माणूसही.

मी भाईंदरच्या एका शाळेत इतिहास शिकवते. हिवाळ्यात सुट्टी आणि तिथी जुळली की भाचीला घेऊन सायकलनं निघते, खाडी ओलांडते, डोंगराच्या पायथ्याशी सायकली ठेवते, वर चढते आणि दिवस मावळायच्या आत परतीच्या बोटीला येते. आजकाल मीरा रोड-भाईंदरची पुष्कळ तरुण मुलं-मुली असे बेत आखतात. सायकल आणि डोंगर एकाच दिवसात, याची त्यांना मोठी अपूर्वाई वाटते, आणि वाटावी अशीच ती गोष्ट आहे. पण खाडी ओलांडायची, सपाटीवरची गावं मागे टाकायची, रान चढायचं आणि परत घरी यायचं, हा बेत साष्टीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्याचा माग काढताना माझी एक खात्री झाली. डोंगरानं कधी कुणाला अडवलं नाही, अडवलं ते खाडीनं. खाडीवर ताबा कुणाचा आणि ती ओलांडायचं साधन कोणाच्या हातात, यावरून त्या त्या काळात तुंगारवर कोण पोचणार हे ठरत गेलं.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. मीरा-भाईंदर म्हणजे साष्टी बेटाचं उत्तर टोक. दक्षिणेला दहिसर, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, पश्चिमेला उत्तन-चौकचा समुद्रकिनारा. उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं समुद्राला मिळणारं तोंड. या खाडीपलीकडे वसईचा सपाट पट्टा आणि त्याच्यामागे दोन शेजारी डोंगर, तुंगार आणि कामणदुर्ग. दोघेही साडेसहाशे मीटरच्या आसपास. सह्याद्रीतल्या गडांपुढे ही उंची फार नाही, पण त्या गडांच्या पायथ्याची गावंच मुळात बरीच उंचावर असतात. इथं भाईंदरच्या धक्क्यावर पाय ठेवला की आपण समुद्राच्या पातळीवर उभे असतो. त्या साडेसहाशे मीटरमधला एकही मीटर आयता मिळत नाही. भाईंदर-नायगावच्या रेल्वे पुलावरून लोकलच्या उजव्या दारातून रोज लाखो माणसांना हे डोंगर दिसतात. त्यांपैकी किती जणांना त्यांची नावं ठाऊक असतील, हा प्रश्न मला प्रत्येक प्रवासात पडतो.

माझी आजी महाशिवरात्रीला तुंगारेश्वरला जायची. स्वातंत्र्याच्या आगेमागे तिचं लग्न होऊन ती राईला आली, तेव्हापासून. रेल्वे होती, भाईंदरहून वसई रोडला तिकीट काढून जाता येत होतं. पण बायका होडीनं जात. घरातले पुरुष मिठागरावर, होड्या मिठाच्या आणि ओळखीच्या, शिवाय तिकिटाचे पैसे वाचत. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, अमावास्येच्या तोंडाशी. खाडीला उधाण. पाणी चढतं तेही खूप आणि उतरतं तेही खूप. पहाटे पाचला निघू म्हटलं तर काठापासून पाण्यापर्यंत चिखलच चिखल. म्हणून त्या बायका आदल्या रात्री, त्रयोदशीच्या भरतीला निघत. तेराची पाऊणपट पावणेदहा. जेवणं उरकून, कडेवर पोरं आणि फडक्यात उकडलेली रताळी घेऊन साडेनऊला होडीत बसायचं, पाणजू बेट बाजूला टाकत नायगावच्या काठाला लागायचं आणि तिथून चालू पडायचं. जूचंद्रला चंडिकेच्या टेकडीखाली थोडी डुलकी. मग बापाणे, सातिवली आणि उजाडता उजाडता तुंगारचं रान. देवळाशी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असे.

आजी म्हणायची, "देवाचे दारी पायीच जावाचा." आणि परतायचं? चतुर्दशीची सकाळची भरती साडेदहाची, ती हुकलेलीच असे. मग रात्रीच्या साडेदहाची. म्हणजे एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंतचा हा प्रवास, आणि त्याचं वेळापत्रक चंद्रानं आखलेलं. इतिहासाच्या पुस्तकात हे कुठं सापडत नाही. मी ते तिच्या तोंडून ऐकलं, पुढे पंचांग आणि भरतीचे तक्ते घेऊन पडताळून पाहिलं, आणि वेळा नीट जुळल्या.

तुंगारेश्वरला माणसं का जात, याची मुळं फार खोल आहेत. परशुरामाच्या कथा या साऱ्या परिसराला चिकटलेल्या आहेत. डोंगरावर परशुराम कुंड आहे, आणि खाली सोपारा-निर्मळचा पट्टा त्याच क्षेत्राचा भाग मानला जातो. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. बावीसशे वर्षांपूर्वी ज्या बंदराशी सम्राटाला आपली आज्ञा कोरून ठेवावीशी वाटली, त्या बंदराच्या पाठीशी हा डोंगर उभा आहे. समुद्रातून येणाऱ्या गलबतांना किनाऱ्याआधी डोंगर दिसतात. तुंगार आणि कामणदुर्ग त्या खलाशांच्या नजरेतले असणार याबद्दल मला शंका नाही.

खाडीवर ताबा कुणाचा, हा प्रश्न सगळ्यात तीव्र झाला तो पोर्तुगीज काळात. गुजरातच्या बहादूरशहानं डिसेंबर १५३४मध्ये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. त्यानंतर दोनशे वर्षं खाडीचे दोन्ही काठ त्यांच्याकडे. तोंडाशी वसईचा कोट, आत घोडबंदर, आणखी आत ठाणे. आज घोडबंदरच्या गढीत उभं राहून खालचं पाणी पाहिलं की लक्षात येतं, या पट्ट्यात नजर चुकवून कुणी खाडी ओलांडणं सोपं नव्हतं.

१७३७ साली मराठे साष्टीत उतरले. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी या मोहिमेसाठी आधीपासून खटपट केली होती. खाड्या कुठं उतरता येतात, रानातून वाट कुठून जाते, ही माहिती स्थानिक माणसांकडेच असते. ठाणे पडलं, घोडबंदर पडलं. वसई मात्र दोन वर्षं दाद देईना, आणि त्याचं कारण आमच्या मीरा-भाईंदरमध्ये आहे.

उत्तनच्या पुढे चौक नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर धारावीचा किल्ला होता. मुंबईच्या मधल्या धारावीशी याचा संबंध नाही. खाडीच्या दक्षिण काठाला समुद्राकडे घुसलेल्या या भूभागालाच धारावी बेट म्हणत. टेकडी लहान, चढायला थोडाच वेळ लागतो. मी दरवर्षी माझ्या वर्गाला तिथं नेते. वर पोचल्यावर मुलांना काही सांगावं लागत नाही. समोर खाडीचं तोंड, त्यापलीकडे वसईच्या कोटाची तटबंदी, डावीकडे उघडा समुद्र. एखादं मूल आपणहून म्हणतं, "बाई, इथं तोफ ठेवली तर एकही जहाज आत जाणार नाही." अगदी हेच या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांना दिसलं होतं. वसईला समुद्रातून रसद मिळत होती तोवर जमिनीवरच्या वेढ्याला अर्थ नव्हता. म्हणून धारावीसाठी झुंज झाली, ती जागा हातातून गेली, पुन्हा घेतली गेली, आणि मार्च १७३९मध्ये ती कायमची मराठ्यांकडे आली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच, मे महिन्यात, सुरुंग लावून बुरूज उडवल्यावर वसईनं शरणागती पत्करली.

शाळेच्या पुस्तकात या मोहिमेला चार ओळी मिळतात आणि त्यात धारावीचं नावही नसतं. या शहरात राहणाऱ्या मुलाला आपल्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एवढी मोठी गोष्ट घडली हे कळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता चौकला चिमाजी अप्पांचं स्मारक उभं आहे. किल्ल्याचे अवशेष मात्र थोडेच उरले आहेत. सायकलवाल्यांना माझा आग्रह असतो की तुंगारच्या आधी एखाद्या रविवारी चौकला जा. भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी असा रस्ता आहे, चढउतारांचा, झाडांचा, आणि मधे तरोडीला धारावी देवीचं देऊळ. चौकहून पलीकडचा डोंगर पाहिला की तिथं का जायचं ते कळतं.

वसई घेतल्यावर मराठ्यांनी तिथल्या चर्चमधल्या घंटा राज्यातल्या देवळांना दिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, भीमाशंकरलाही एक आहे. आणि तुंगारच्या पलीकडे, तानसा नदीच्या काठच्या वज्रेश्वरीला चिमाजी अप्पांनी नवस केला होता अशी परंपरा सांगते. मोहिमेनंतर तिथं तटाबुरुजांचं देऊळ उभं राहिलं, ते आजही किल्ल्यासारखं दिसतं. म्हणजे तुंगारच्या एका अंगाला वसईचा कोट, दुसऱ्या अंगाला वसई पडल्यावर बांधलेलं देऊळ, आणि मधे हे रान.

इंग्रज आले. १७७४च्या अखेरीस ठाणे आणि साष्टी त्यांनी घेतली, वसईचं पुढं तळ्यात-मळ्यात होत राहिलं. त्या सगळ्यात मी जात नाही. खाडीच्या गोष्टीत पुढचं वळण १८६४चं. त्या वर्षी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा लोहमार्ग खाडीवरून पुढे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. गुजरातहून निघालेली गाडी पहिल्यांदाच पाण्यावरून साष्टीत आली.

१२ एप्रिल १८६७पासून विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरारहून, संध्याकाळी साडेपाचला परत. तिच्या स्थानकांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचली. विरारहून निघाल्यावर नाळा, वसई, पांजे, बोरिवली, पहाडी, अंधेरी, असं करत ती मुंबईत जाते. मीरा नाही, भाईंदर नाही. बोरिवलीच्या आधी नाव आहे ते पांज्याचं, म्हणजे आमच्या पाणजू बेटाचं! खाडीच्या मधोमधच्या त्या बेटावर गाडी थांबत होती. आज त्या बेटावरून दिवसभरात कितीतरी गाड्या धडधडत जातात आणि एकही थांबत नाही. पाणजूची माणसं नायगावला होडीनं जातात, किंवा जीव मुठीत धरून रेल्वे पुलाच्या कडेनं चालतात. निर्माल्य आणि नारळ खाडीत टाकायचे म्हणून प्रवासी ते चालत्या गाडीतून फेकतात, आणि त्याचा मार लागून पुलावर चालणारी माणसं जखमी झाल्याच्या घटना घडल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी ज्या गावाला स्थानक होतं त्याची ही स्थिती.

रेल्वेनं खाडी ओलांडणं सोपं केलं. एक मात्र झालं. खाडी ओलांडणं आता चाकांचं काम झालं, आणि ती चाकं रेल्वेची. बैलगाडी, घोडा, सायकल यांना त्या पुलावर जागा नव्हती. त्यांच्यासाठी होडीच.

माझे वडील भाईंदरच्या एका मिठागरावर मुकादम होते. पावसाळा संपला की बांध नीट करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडत ते तापवायचं, आणि मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे. पावसाच्या आधी ढिगांवर पेंढ्याचं छप्पर. हे भाईंदरचं जुनं आणि मोठं उत्पन्न. स्टेशनच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल पांढरी-करडी शेतं होती. त्या बांधांवरून फिरायला वडिलांकडे काळी हर्क्युलस होती. पुढच्या दांड्याला ग्रामपंचायतीचा पत्र्याचा बिल्ला, कारण सायकलवर कर असे. डायनामो, मागे कॅरिअर, हँडलला अडकवलेला डबा. खाडीपलीकडच्या मिठागरावर काम निघालं की ते सायकल होडीत आडवी टाकून नायगावला जात. खाऱ्या वाऱ्यानं तिची साखळी गंजे, म्हणून दर रविवारी रॉकेलनं पुसून तेल देणं हे आम्हा भावंडांचं काम होतं.

याच सायकलीनं मी पहिल्यांदा तुंगार पाहिला. पुढच्या दांडीवर मी, कॅरिअरवर धाकटा भाऊ. होडीतून नायगावला उतरून जूचंद्रमार्गे गेलो. जूचंद्र हे रांगोळीकारांचं गाव, तिथल्या कलाकारांच्या रांगोळ्या पाहायला आता लांबून माणसं येतात. तेव्हा आम्हाला त्याचं काही कळत नव्हतं, चंडिकेच्या टेकडीवरून खाडी केवढी दिसते एवढंच कळलं. पुढे रानाच्या तोंडाशी वडिलांनी एका झोपडीवजा हॉटेलात सायकल ठेवली, मालकाला "लक्ष ठेव रं" म्हणाले, आणि आम्ही चालू लागलो. आज आम्ही जे करतो ते अगदी असंच.

मुंबईत तेव्हा गिर्यारोहणाची हवा सुरू झालेली होती. गिरिविहार ही संस्था १९५४मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या मागून पुढच्या दशकांत आणखी मंडळं निघाली. शनिवारी रात्री पाठपिशवी लावून कर्जत, लोणावळा, कसारा गाठणारी तरुण मंडळी या संस्थांनी घडवली. हे त्यांचं मोठं काम. तुंगारकडे मात्र शहरी गिरिप्रेमींचं लक्ष त्या मानानं कमीच राहिलं. तो देवाचा डोंगर आणि आदिवासी पाड्यांचा डोंगर राहिला. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांची घरं त्याच्या कुशीत आहेत. शेवळं, करवंदं, मोहाची फुलं, कुडाच्या शेंगा, हे सगळं तिथूनच वसईच्या बाजारात उतरतं. त्या बायका डोक्यावर ओझं घेऊन पहाटे डोंगर उतरतात आणि दुपारी परत चढतात. डोंगराची खरी रोजची ये-जा त्यांची आहे, आणि या इतिहासात त्यांना पहिलं स्थान द्यायला हवं.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा घोडबंदरजवळचा खाडीपूल झाल्यावर रस्त्यानं पलीकडे जाण्याची सोय झाली. वरसाव्याचा पूल. यानंतर वाट बदलली. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्ता, मग पूल, ससूनवघर, मालजीपाडा, बापाणे, चिंचोटी. चिंचोटीला उजवीकडे वळलं की कामण, आणि तिथून देवकुंडीच्या बाजूनं कामणदुर्गाचा चढ. सरळ गेलं की तुंगारेश्वर फाटा. कागदावर सोपी वाट. पण सायकलनं या पुलावर जाणं म्हणजे कंटेनरच्या वाऱ्यानं ढकललं जाणं. डिसेंबर २०१३मध्ये या पुलाला तडा गेल्याचं आढळलं, जड वाहनं बंद झाली, आणि पुढे दुरुस्त्यांच्या काळात दोन्ही बाजूंना तासन्‌तास रांगा लागत. २०२३ साली शेजारचा नवा पूल खुला झाला. गाड्यांची सोय झाली. सायकलवाल्याला आणि पायी चालणाऱ्याला तिथं आपली अशी जागा नाही.

यामुळे फेब्रुवारी २०२४मध्ये भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. रस्त्यानं भाईंदर ते वसई पस्तीस-चाळीस किलोमीटर. बोटीनं पाव तास. ट्रक, मोटारी, दुचाक्या आणि त्यांच्या कडेला आमच्या सायकली. वडिलांनी होडीत आडवी टाकलेली सायकल आता लोखंडी फळीवरून चालत आत जाते, एवढाच फरक. भरती-ओहोटी या बोटीलाही बघावी लागते. म्हणून मी अजून अष्टमी-नवमी धरून निघते. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी ना फार चढत ना फार उतरत, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा खाडी भरलेली मिळते.

वसईला बोट लागते ती थेट किल्ल्याजवळ. तटबंदीच्या सावलीतून, चर्चच्या पडक्या कमानींजवळून सायकली जातात. इथं थांबायचा मोह होतो, पण डोंगराला ऊन व्हायच्या आत लागायचं असतं. वसई गावात सुकेळी मिळाली तर घ्यावी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्याच सोपटात बांधलेली. कितीही चढा, हातात घ्यायला हलकी आणि पोटाला भक्कम. पाकीटबंद ऊर्जावड्या घेऊन येणाऱ्या मुलांना मी सुकेळी देते आणि त्यांच्या वड्या पुन्हा खिशात जातात. ही पिकवणारे आणि वाळवणारे वसईत आता थोडे राहिलेत. ती विकत घेणं हे मला कर्तव्य वाटतं.

माणिकपूर, अंबाडीचा पूल, गोखिवरे, सातिवली, असा रस्ता. पहिला भाग चिंचेच्या आणि आंब्याच्या झाडांचा, मधला भाग इमारतींचा, शेवटचा कारखान्यांचा. महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचा फाटा. २००३ साली हे रान अभयारण्य झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. दक्षिणेकडचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येचं तानसा अभयारण्य यांच्या मधला हा दुवा आहे. बिबट्याला इथून तिकडे जायला हीच वाट. प्रवेशद्वारापाशी एका चहावाल्या मावशीकडे आम्ही सायकली लावतो. त्या भाचीला विचारतात, "आज बी मावशीला वढून आणली का?" त्यांना वाटतं बेत तिचा असतो.

देवळापर्यंतचा रस्ता गाडीवाट आहे, ओढे कापत जाणारा. पावसाळ्यात हेच ओढे आणि इथले धबधबे जीव घेतात. दरवर्षी शहरातली मुलं बुडतात, दरवर्षी बंदीचे हुकूम निघतात. आजीच्या पिढीत या डोंगरावर पाण्यात उतरून कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही, कारण पाणी किती ओढतं हे खाडीकाठच्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून मी पावसात कुणाला नेत नाही, आणि कुणी विचारलं तर स्पष्ट नको म्हणते.

देवळाच्या वर खरा चढ लागतो. साग, ऐन, पळस, मग कारवी. मांड्यांत सायकलीचा थकवा असतो, आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं पाय आपले वाटत नाहीत. हा या दोन्ही गोष्टी एकत्र करण्यातला खास अनुभव आहे. सायकलीवर गुडघा एकाच चाकोरीत फिरतो, चढावर त्याला दर पावलाला वेगळं वळण घ्यावं लागतं. मी तिथं हळू चालते, नाकानं श्वास घेत. नंतर शरीर जुळतं, आणि पठारावर आलं की मागं वळून बघता येतं.

तिथून माझा सगळा अभ्यासक्रम दिसतो. सोपाऱ्याचा सपाट भाग. वसईचा कोट. खाडी. खाडीपलीकडे चौकची टेकडी, तिच्या अलीकडे आमचं राई. मिठागरांचे चौकोन आता तुटक उरलेत, त्यांच्या जागी मीरा रोडचे मनोरे. १९८५मध्ये पाच ग्रामपंचायतींची मिळून नगरपालिका झाली, २००२मध्ये महानगरपालिका, आणि या एवढ्या काळात गावांच्या समूहाचं आठ-दहा लाखांचं शहर झालं. खाडीच्या मधोमध पाणजू, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पूल.

त्या पुलांच्या शेजारी भाईंदर ते नायगाव असा रस्त्याचा पूल बांधण्याची चर्चा बरीच वर्षं चालली आहे. तो होईल तेव्हा होवो. तो आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्याच्या एका कडेला, गाड्यांपासून कठड्यानं वेगळी केलेली, दोन सायकली शेजारी-शेजारी जाऊ शकतील आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई बिनधोक चालू शकेल एवढी वाट ठेवा. आणि पाणजूच्या लोकांना त्यावर चढता-उतरता येईल असा उतार द्या.